वाघोबाच्या वाट्याच्या शेळ्या

१

वाघबारसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिरू ओव्हाळ सुयांचा ट्रे घेऊन गोठ्यापाशी आला, तेव्हा दाराला नेहमीसारखी बाहेरून कडी होती. कडी काढून तो आत गेला आणि ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला. चौदा शेळ्यांपैकी सहा जागेवर नव्हत्या. दावी जमिनीवर पडली होती. एकही तुटलं नव्हतं, गाठी सावकाश बसून सोडवल्यासारख्या सुटलेल्या होत्या. रक्ताचा थेंब नव्हता की ओढत नेल्याची खूण नव्हती.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पळसदरीच्या पुढे, खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका पारशी शेटचा हवा खायचा जुना बंगला होता. मुंबईच्या एका ट्रस्टनं तो घेतला आणि तिथं डॉक्टर कर्णिकांचं संशोधन सुरू झालं. घोड्यांच्या पागेत शेळ्या आल्या. त्यांना भूल देऊन मागचा एक पाय मोडायचा, बांबूच्या कामट्यांत बांधायचा, रोज सकाळी सुई द्यायची आणि हाड कसं जुळतं ते पाहायचं. गावातले लोक दिवस कलला की बंगल्याच्या वाटेनं जात नसत. मोडलेल्या पायांची जनावरं आत एकसुरी ओरडतात, ते ऐकलं की जेवण जात नाही म्हणत.

खालापूरच्या ठाण्यातून लडकू जमादार सायकलीवर आले. बरोबर पांडू शिपाई. पांडू पळसदरीचाच, डोंगराच्या वाटा पाठ असलेला. जमादारांनी त्याला ओढ्याकडं पाठवलं आणि आपण दारापाशी चिखल पाहत बसले. थोड्याच वेळात पांडू परत आला. धावत आला नव्हता, तरी त्याला दम लागला होता.

"जमादार, जरा चला. मी हात नाय लावला कशाला."

ओढ्याच्या पलीकडं ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा दगड होता. काल वाघबारस, वाघोबाच्या पूजेचा दिवस, त्यामुळे शेंदूर ओला होता. झाडाच्या खालच्या फांदीला बांबूच्या कामट्या टांगलेल्या होत्या, सहा शेळ्यांच्या सहा जोड्या. पट्ट्या नीट गुंडाळून शेजारी ठेवल्या होत्या, गळ्यातले नंबराचे बिल्ले त्यांच्यावर. वारा आला की कामट्या एकमेकींवर आपटत आणि कोरडी हाडं वाजावीत तशा वाजत.

"वाघोबानं नेल्या," पांडू हळूच म्हणाला.

"वाघोबा गाठी सोडतो का रं?" जमादारांनी विचारलं. पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

२

कर्णिक डॉक्टर उंच, वाकलेले, दोन दिवस दाढी न केलेले. ते व्हरांड्यात उभ्यानंच चहा पीत होते.

"मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, जमादार. जनावरांना असते, तुम्हाआम्हालाही असते. अंग वाढवायचा हुकूम तिच्यातून सुटतो. हार्मोन म्हणतात त्याला. ते टोचलं तर मोडलेलं हाड लवकर जुळेल का, एवढंच मला पाहायचं आहे."

"आणता कुठून ते?"

"कत्तलखान्यातून. कापलेल्या गुरांच्या डोक्यातून काढतात."

 मेलेल्यांची राहिलेली वाढ सुईत भरून जित्यांच्या अंगात घालायची, हे जमादारांना कसंसंच वाटलं. आणि त्याच वेळी त्यांना आपली बायको अंबूबाई आठवली. दोन पावसाळ्यांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ते शेवटपर्यंत जुळलं नाही. ती गेली तरी तिची काठी घरात टक टक वाजते असं त्यांना संध्याकाळी वाटे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"माणसांना चालंल का हे?"

"त्यासाठीच तर सगळं. पण आधी सिद्ध व्हायला हवं. निम्म्या शेळ्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. महिनाअखेर सगळ्या मारायच्या आणि हाडं उभी चिरून पाहायची. तोपर्यंत कोणत्या शेळीला काय मिळतं हे मलाही ठाऊक नाही. ठाऊक असलं तर माणूस आपल्याला हवं तेच पाहतो."

"मग ठाऊक कुणाला?"

"बाटल्या भरणाऱ्याला. एकट्या हिरूला."

हिरूला बोलावलं. दहिवलीचा, पंचविशीतला मुलगा, पांढरा सदरा, नखं कापलेली. त्याच्या घरात मॅट्रिक झालेला तो पहिला.

"हिरू," कर्णिक म्हणाले, "कोणकोणत्या गेल्या? औषधाच्या किती, पाण्याच्या किती?"

हिरूनं जमादारांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. तो खोटं बोलला असता तर कोणाला कळलं नसतं.

"सहाच्या सहा औषधाच्या गेल्या, साहेब," तो म्हणाला. "पाण्याच्या सातही जागेवर हायत."

३

"झालं तर मग," डॉक्टर दिघे म्हणाले. ते कर्णिकांचे मदतनीस. कोट घालून शेळीच्या जवळ जायला भिणारे, मुंबईच्या गाडीची वेळ रोज विचारणारे. "चौदातून नेमक्या सहा उचलल्या आणि सहाही औषधाच्या निघाल्या. नशिबानं होतं का असं? ज्याला ठाऊक होतं त्यानंच केलं. औषधाच्या कंपन्या थोड्या नाहीत मुंबईत."

"तुमचा तरी काय राग होता का ह्या शेळ्यांवर?" जमादारांनी विचारलं.

"माझा?"

"काम बंद पडलं तर तुमी मुंबईला सुटता."

दिघे लालबुंद झाले. "हे औषध निकामी आहे असं माझं मत आहे आणि ते मी सरांच्या तोंडावर सांगतो. पण मी नेल्या असत्या तर मिळतील त्या नेल्या असत्या. मला कुठं माहीत होतं कोणती कोणती?"

ते खरं होतं. जमादारांना ते आवडलं नाही, पण खरं होतं.

फौजदार साहेब उद्या दुपारी येणार होते. त्यांची रीत सगळ्या तालुक्याला माहीत. ज्याच्यावर बोट आलं त्याला आधी कोठडीत घालायचं, मग विचारायचं. जमादार हिरूला घेऊन चिंचेखाली बसले.

"खोटं का नाय बोललास रं? दोन पाण्याच्या गेल्या म्हणाला असतास, तर कुणी तुझ्याकडं बघितलंबी नसतं."

"खोटं सांगितलं तर साहेबांची दोन वर्षं वाया गेली असती. हिशेबच चुकला असता."

"आणि तुझा हिशेब?"

हिरू गवताची काडी मोडत राहिला. "माझे बाबा अजून गावाबाहेरच्या वाटेनं कामावर जातात. सवय लागली त्यांना. मी पांढरा सदरा घालून रस्त्याच्या मधनं चालतो. उद्या मला बेड्या घालून त्याच रस्त्यानं नेतील. मग धाकट्याला कोण ठेवील कामावर?"

"औषधाच्या एकूण किती होत्या?"

"सात. चिंधी तेवढी राहिली. नावं मीच ठेवलीत सगळ्यांची."

"ती का राहिली?"

"ते मला काय माहीत, जमादार? ती दाराच्या अगदी जवळ बांधलेली. नेणाऱ्यानं पहिली तीच न्यायची."

जमादार उठता उठता परत बसले. दाराजवळची औषधाची शेळी मागे ठेवून चोर आत गेला होता. सगळं ठाऊक असलेला माणूस असं का करेल?

४

सूर्य डोंगराआड गेला तसा बंगल्याचं आवार धूसर झालं. जमादार एकटेच गोठ्याकडं निघाले आणि दाराशी त्यांचं पाऊल अडलं.

आतून टक टक येत होती. थांबून थांबून, एक जोराची, एक हलकी. अंबूबाई चुलीकडून माजघरात येई तेव्हा अशीच काठी टेकत येई.  जमादारांनी दार ढकललं.

चिंधी दाव्याभोवती फिरत होती. तिची कामटी फरशीवर आपटत होती, दुखरा पाय टेकत नव्हता.

"कोण हाय?" कोपऱ्यातून बाईचा आवाज आला. ठकूबाई. वरच्या वाडीची, काळीसावळी, पन्नाशीची. पाला कापून आणायचा, शेण काढायचं, शेळ्यांचं सगळं तीच बघे. हिरू तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या फडक्यातली भाकरी खायचा.

"मीच, जमादार. काल संध्याकाळी कोण आलं होतं इकडं?"

"मी आले, पाला टांगला, गेले."

"काय दिसलं का?"

"माजं काम खाली बघायचं. शेण खालीच पडतं."

जमादारांना हसू आलं, पण ती हसली नाही. "उद्या हिरूला नेतील," ते सहज म्हणाले.

तिच्या हातातला झाडू थांबला. "त्याला? त्यानं काय केलं?"

"चोरी, म्हणतात. त्याच्याबिगर कुणाला ठाऊक नव्हतं म्हणं."

ठकूबाईचं तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठावर आलं होतं. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून खाली बसली. जमादारांनी खूप वाट पाहिली. ती बोलली नाही. पण तिचे डोळे त्यांच्यावर नव्हते, रिकाम्या दाव्यांवरही नव्हते. दारातून ती डोंगराकडं पाहत होती.

जमादारांनी कंदील उचलून गोठा नीट पाहिला. दिवाळीचा म्हणून भिंतींना चुना दिलेला, चार दिवसांपूर्वीचाच, पांढराशुभ्र. पाल्याच्या डहाळ्या टांगायला आढ्याच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या वर, ओळीनं खिळे होते.

"एवढ्या वर गं कशाला टांगतेस? शेळ्यांना पुरत तरी असंल का?"

"खाली ठेवला तर तुडवतात," ती पदराआडून म्हणाली. "पुरला नाय त्यांना मागनं खाली देते."

आणि मग कंदिलाच्या उजेडात जमादारांना चुन्यावर लाल चिखलाचे ठसे दिसले. खुरांचे ठसे, दोन दोन, त्यांच्या छातीच्या उंचीवर. एखादं जनावर भिंतीवरून चालत वर गेलं असावं तसे. ते एका रिकाम्या दाव्याच्या वर होते. पुढच्या रिकाम्या दाव्याच्या वरही होते.

५

त्यांनी पांडूला हाक मारली आणि ओढ्याकाठची उंबराची कोवळी डहाळी आणायला सांगितली. आठही शेळ्यांपुढं त्यांनी ती वरच्या खिळ्यांना टांगली आणि दाराआड उभं राहून पाहिलं.

शेळ्या माना वर करून ओरडत राहिल्या. एकीनं पुढचे पाय उचलायचा प्रयत्न केला आणि मागच्या पायावर भार येताच कळवळून खाली आली. चिंधीनं तर तेवढंही केलं नाही. आठही जणींच्या वरची भिंत कोरी होती. सहा रिकाम्या दाव्यांच्या वर मात्र खुरांचा चिखल होता.

"पांडू," जमादार हळू आवाजात म्हणाले, "शेळी मागच्या दोन पायांवर कधी उभी राहते?"

"पाला वर असला की."

"आणि मागचा पाय मोडलेला असला तर?"

"मग कशी राहंल? जुळला असंल तरच." पांडू बोलता बोलता थांबला. त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि त्याचा हात आपोआप छातीपाशी गेला. "जमादार, तुमी खालचे. तुमाला माहीत नसंल."

"काय?"

"वरच्या वाडीत मोडून जुळलेलं जनावर कापत नाय. वाघोबानं धरून परत सोडलं, असं समजतात. मग ते त्याचं. वाघबारसेला त्याचं बांधलेलं सगळं सोडून दगडापाशी ठेवायचं आणि जनावर डोंगराला मोकळं करायचं. आणि ज्यानं सोडलं त्यानं त्या जनावराचं नावबी कुणापाशी घ्यायचं नाय. बोलला, तर हाड परत उकलतं. मागं एकजण बोलला होता म्हणतात. त्याची गाय चढावरच बसली ती उठली नाय."

गोठ्यातून पुन्हा टक टक येऊ लागली. जमादारांना वाटलं, त्या बाईनं आज स्वतःचं तोंड पदरानं नव्हे, सहा जिवांनी दाबून धरलं आहे. बोलली तर तिच्या लेखी सहा पाय मोडणार, आणि न बोलली तर हिरू जाणार.

त्यांना तिच्याकडून काही वदवून घ्यायचं नव्हतं. पण फौजदार उद्या दुपारी यायचे होते.

६

सकाळी जमादारांनी सगळ्यांना गोठ्यात बोलावलं. कर्णिक, दिघे, हिरू, आणि दाराशी ठकूबाई.

"ठकूबाई, तू काय बोलू नकोस," ते म्हणाले. "मी बोलतो. मी चुकलो, तर मान हलव. नायतर तशीच उभी राहा."

मग ते डॉक्टरांकडं वळले.

"तुमी म्हणता, औषधाच्याच शेळ्या गेल्या, म्हणून चोराला औषध ठाऊक. पण मग दारातली चिंधी कशी राहिली? तीबी औषधाचीच. चोराला औषध ठाऊक नव्हतं, साहेब. त्याला पाय ठाऊक होते. ही भिंत बघा. ज्या गेल्या त्या वरचा पाला उभ्यानं ओढत होत्या. ज्या राहिल्या त्यांच्यावर चुना कोरा हाय. चिंधीवरबी कोरा. तिला औषध मिळालं, पण लागलं नाय. जिचा पाय जुळला ती नेली, जिचा नाय जुळला ती ठेवली. त्यात औषधाच्या सहा निघाल्या, हे तुमच्या औषधाचं काम. हिरूचं नाय."

ठकूबाईनं मान हलवली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

कर्णिक भिंतीपाशी गेले. एका ठशावर त्यांनी बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "सातातल्या सहा," ते पुटपुटले. "इतक्या लवकर. आणि मिठाच्या पाण्यावरची एकही नाही. दिघे, बघा तरी."

"भिंतीवरच्या चिखलाला पुरावा म्हणत नाहीत, सर," दिघे म्हणाले. "छापायला हाडं लागतात."

"हो. हाडं लागतात." कर्णिक वळले. त्यांचा चेहरा उजळला होता आणि त्यातच एक घाई होती. "शेळ्या कुठं आहेत, जमादार?"

वरच्या वाडीच्या कळपात असतील असा अंदाज जमादारांनी सांगितला आणि पांडूसह सगळे वर चढले. वाडीच्या मागे कातळाचा चढ आहे. तिथं वाडीचा कळप चरत होता, पन्नासेक तरी शेळ्या. भुऱ्या, काळ्या, ठिपक्याच्या. या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत होत्या. एकही लंगडत नव्हती.

कर्णिक कळपात शिरले. गुडघे टेकून एकीचा मागचा पाय चाचपला, सोडला, दुसरी पकडली. शेळ्या हातून निसटत होत्या. बिल्ले नव्हते, कामट्या नव्हत्या. वाढलेल्या केसांखाली कुठल्या हाडावर गाठ आहे, कुठल्या नाही, हे धावत्या जनावरात कळत नव्हतं. त्यांनी ठकूबाईकडं पाहिलं. ती दगडावर डोळे मिटून बसली होती.

"हिरू, तू रोज सुई दिलीस. तू ओळखशील. फक्त बोट दाखव."

 हिरूनं बोट दाखवलं की माल सापडला, आणि फौजदारांना त्याच्याकडं पाहायचंही कारण उरलं नाही. हाडं मुंबईला जातील. औषध खरं ठरेल. कुठल्याशा गावात कुठलीशी बाई विहिरीच्या पायरीवरून पडेल आणि परत चालेल. हे व्हावं असं जमादारांना मनापासून वाटत होतं. त्यांच्याइतकं ते तिथं कोणालाच वाटत नसेल.

हिरू कळपातून चालत गेला. एका भुऱ्या शेळीनं त्याच्या गुडघ्याला मान घासली. मागोमाग एक काळी आली आणि त्याचा सदरा हुंगू लागली. कर्णिक तेव्हा दुसऱ्याच शेळीच्या पायाशी वाकले होते. जमादारांनी मात्र पाहिलं. हिरूनं भुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठकूबाईकडं पाहिलं. तिनं अजून डोळे उघडले नव्हते.

"यात आपली एकबी नाय, साहेब," हिरू म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं."

कर्णिक उभे राहिले. त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. "जमादार, तुम्हीच म्हणालात ना, इथं असतील?"

"मी आपला अंदाज सांगितला," जमादार म्हणाले.  "फौजदार साहेबांना मी भिंत दाखवीन. तेवढ्यानं हिरू सुटतो. शेळ्यांचं मात्र बिबट्यानं नेल्या असंच लिहावं लागंल."

कर्णिकांनी हिरूकडं बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं की नाही, हे जमादारांना पुढेही कधी ठरवता आलं नाही. मग सगळे उतरायला लागले. पुढे दिघे, मागे बाकीचे.

अर्ध्या वाटेवर कर्णिक मागं न पाहता म्हणाले, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दिवाळी संपली की नव्या चौदा आणायच्या. त्यांचे पाय मोडायचे. हिरू, मागच्या वेळी धरायला तूच होतास."

 पायाखालचे खडे तेवढे घरंगळत होते.

"या वेळी धरशील ना?"

"धरीन," हिरू म्हणाला. चार पावलं गेल्यावर तो म्हणाला, "पण या खेपेला त्यांची नावं ठेवणार नाय."

त्याच्यामागून येणारी ठकूबाई वाटेच्या कडेला थांबली. तिनं जमादारांना, पांडूला, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं, आणि मग पुन्हा वर, वाडीकडं चढायला लागली.